सतरा नंबरचा एक केस

४ फेब्रुवारी

खाज : डावं मनगट, मान. डोळे : ठीक. श्वास : ठीक. काय लागलं असावं : काही नाही. घरात बसलेल्या माणसाला काय लागणार?

५ फेब्रुवारी

खाज : मनगट. डोळे : ठीक. श्वास : ठीक. काय लागलं असावं : बायकोचं बोलणं. (हे खोडायला हवं. डॉक्टर वाचतात.)

६ फेब्रुवारी

रकान्यात मावत नाही, म्हणून आज वही उलटी केली आणि मागच्या पानापासून सुरुवात केली. पुढून डॉक्टरांसाठी, मागून माझ्यासाठी. डॉक्टरांनी चार रकाने आखून दिलेत आणि रोज भरायला सांगितलंय. पण माझं जे दुखतं ते चारांपैकी एकातही बसत नाही.

मी मोतद्दार आहे. सापाच्या विषावरचं औषध जिथे तयार होतं, त्या कारखान्याच्या तबेल्यात बावीस वर्षं घोडे सांभाळतो. 'सांभाळायचो' असं लिहायला हात धजत नाही. औषध करायची रीत अशी : घोड्याला विष टोचायचं. पहिल्यांदा इतकं थोडं, की उंदराचंही काही बिघडणार नाही. मग काही दिवसांनी थोडं जास्त, मग आणखी जास्त. शेवटी शेवटी माणसांची एक पंगत आडवी होईल एवढं विष दिलं, तरी घोडा आपला मुकाट चारा खातो. मग त्याच्या रक्तातून औषध काढतात. कारखाना बघायला पाहुणे येत, त्यांना मीच सांगायचो, "विष त्याच्या अंगवळणी पडतं." पाहुण्यांना ते लगेच पटायचं.

११ जानेवारीला चाऱ्याच्या खोलीत भारा उचलताना मला साप चावला. सापाच्या औषधाच्या कारखान्यात साप चावला म्हणून सगळे आधी हसले. मीही हसलो. हात कोपरापर्यंत सुजला तेव्हा हसणं थांबलं. हॉस्पिटलात आमच्याच कारखान्याच्या बाटल्या लावल्या. बाटलीवरचा बॅच नंबर मी पडल्या पडल्या वाचला. त्या बॅचमध्ये कोणकोणत्या नंबरच्या घोड्यांचं रक्त होतं ते मला तोंडपाठ आहे : नऊ, चौदा, सतरा, बावीस.

सतरा. माझी सतरा माझ्या अंगात आली आणि माझा जीव वाचला.

दहाव्या दिवशी सांधे धरले, अंगभर गांधी उठल्या, ताप आला. डॉक्टर म्हणाले, कधी कधी होतं असं, उतरेल. उतरलं. तीस तारखेला कामावर गेलो. सतराच्या मानेला हात लावला, तिनं नेहमीसारखं माझ्या खिशात नाक घातलं, आणि माझा घसा आवळला. नंतरचं आठवत नाही. कारखान्याच्या ड्रायव्हरनं उचलून नेलं म्हणे.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. म्हणाले, "अंगात एक पहारा असतो. बाहेरून कोणी आलं की तो बघतो, आपला की परका. तुमच्या पहाऱ्यानं घोडा परका ठरवलाय. तबेल्यात शिंका यायच्या का आधी?"

"आठ-दहा वर्षं येतात. धुळीच्या."

"धुळीच्या नव्हत्या," डॉक्टर म्हणाले.

आता तबेला बंद. जन्माचा.

१० फेब्रुवारी

आजपासून लेबलांच्या खोलीत. काम पोरखेळाचं आहे : बाटली उचला, पुसा, कागद चिकटवा. कागदावर बारीक अक्षरात छापलंय, 'हे औषध घोड्याच्या रक्तापासून बनवलेले आहे. घोड्याची अ‍ॅलर्जी असल्यास डॉक्टरांना सांगावे.' म्हणजे दिवसभर मी माझ्याबद्दलचीच सूचना चिकटवत असतो. आज दोन लेबलं उलटी लागली. मुकादम काही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

खिडकीतून तबेला दिसत नाही, मध्ये भिंत आहे. पण आवाज येतो. चारा यायला उशीर झाला की सतरा पुढच्या पायानं बादली उडवते. आज अकरा वाजता बादलीचा आवाज आला. मी उठून उभा राहिलो. मग बसलो.

१२ फेब्रुवारी

बायको आज म्हणाली, "तुमच्या अंगाला साबणाचा वास येतो."

मी म्हटलं, "मग कशाचा येणार?"

"बावीस वर्षं कशाचा येत होता?"

बावीस वर्षं तिनं मला दारातून सरळ आत घेतलेलं नाही. मागच्या नळावर अंघोळ, कपडे बाहेरच्या दोरीवर, मगच घरात. सतराला ती 'सवत' म्हणते. "सवतीनं खाल्लं का आज?" असं विचारायची, हसून. तबेल्यात मात्र एकदाही आली नाही. बोलावलं तरी नाही.

आज तिनं शिवणाच्या मशीनजवळ दुसरी खुर्ची आणून ठेवली. शर्ट शिवता शिवता काहीबाही बोलत होती. मी बराच वेळ बसलो. काय बोलत होती ते आता आठवत नाही. मी बादलीचा विचार करत होतो.

१७ फेब्रुवारी

काल रात्रभर तळमळलो आणि सकाळी डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बावीस वर्षं ज्या भिंतीखाली उभा राहिलो त्या भिंतीवरच माझं औषध लिहिलेलं होतं. घोड्यांना विष द्यायचा तक्ता! पहिला दिवस इतकं, पाचवा दिवस दुप्पट, नववा दिवस त्याच्या दुप्पट. घोड्याला साप अंगवळणी पडतो, तर मला घोडा का पडणार नाही? सतरानं विष पचवलं. मला तर नुसतं तिलाच पचवायचंय.

हॉस्पिटलात नेताना माझी पिशवी घरी आली होती, तिच्यात घोड्याचं अंग घासायचा माझा खरारा तसाच होता. त्याच्या दातांत सतराचे केस अडकलेत. तांबूस, टोकाला काळे. नाकातोंडाला रुमाल बांधला, चिमट्यानं एकेक काढला आणि डबीत ठेवला. डबी बायकोची आहे, बटणांची. बटणं पेल्यात ओतून ठेवली.

पहिला डोस : एक केस, डाव्या मनगटावर, पंधरा मिनिटं. घड्याळ समोर ठेवलं. काही झालं नाही. काहीच नाही! मनगटावर ती पंधरा मिनिटं होती.

पुढच्या पानावर डॉक्टरांसाठी लिहिलं : काय लागलं असावं – काही नाही.

१९ फेब्रुवारी

बायको डबी शोधते आहे. "अहो, माझी बटणांची डबी पाहिलीत का?" मी म्हटलं, नाही. "बटणं पेल्यात कोणी ओतली मग?" मी म्हटलं, तूच ओतली असशील. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, एवढं धडधडीत खोटं पहिल्यांदाच बोललो. तिनं माझ्याकडे जरा पाहिलं आणि पेला उचलून मशीनवर ठेवला.

२१ फेब्रुवारी

दोन केस. काही नाही.

सुटल्यावर ड्रायव्हर फाटकाशी भेटला. हा आधी कारखान्याची गाडी चालवायचा, माझ्या जागी आता त्याला घातलंय. माणूस चांगला आहे, पण घोड्याला तो गाडीसारखा वागवतो. किल्ली फिरवली की चालू झाला पाहिजे.

"मामा, तुमची सतरा सुईला उभीच राहत नाही हो. तिघांनी धरली तरी नाही. तुम्ही काय करायचा?"

मी म्हटलं, "काही नाही. नुसता उभा राहायचो."

खरं सांगायला लाज वाटली. मी तिच्या कपाळाला कपाळ लावायचो आणि म्हणायचो, "उभी राहा गं बाय. झालं, झालं." सुई आत असेपर्यंत तेवढंच. "झालं, झालं." झालेलं नसायचं. पण तिनं कधी माझा शब्द खोटा धरला नाही. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, इथे पहिल्यांदा लिहितोय.

२५ फेब्रुवारी

चार केस. मनगट जरा लाल. डासानं चावलं असेल.

घोड्यांच्या डॉक्टरबाई लेबलांच्या खोलीत आल्या होत्या. त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. बाई म्हणाल्या, सतराच्या रक्ताची ताकद उतरत चालली आहे. वय झालं, त्यात ती सुईला त्रास देते. मार्चअखेर यादी निघेल. यादी म्हणजे कामातून मोकळ्या करायच्या घोड्यांची. टेकड्यांच्या पलीकडे म्हाताऱ्या घोड्यांसाठी कुरण आहे, गाडीनं पाच तासांवर. वाईट जागा नाही. पण पाच तास.

मी विचारलं, "ती नीट उभी राहिली तर?"

"तर आणखी एखादं वर्ष ठेवता येईल," बाई म्हणाल्या. "पण उभी करणार कोण?"

मी मनात म्हटलं, थांबा. मार्चअखेरपर्यंत थांबा.

१ मार्च

आठ केस, दोन्ही मनगटांवर. थोडी खाज. तक्त्यातसुद्धा लिहिलेलं असतंच, 'टोचल्या जागी सूज येणे स्वाभाविक'. म्हणजे औषध लागू पडतंय.

२ मार्च

लेकीचा फोन. ती तिच्या घरी लांब असते, रविवारी करते. आईशी बोलून झाल्यावर मला म्हणाली, "बाबा, आई खुशीत दिसते हल्ली. फोनवर गुणगुणत होती."

मी म्हटलं, "माझी नोकरी गेल्यातच जमा आहे आणि हिला गुणगुणायला सुचतंय."

"बाबा!" लेक म्हणाली, आणि फोन ठेवला.

विचारायला हवं होतं, काय ते. पण भिंतीपलीकडच्या बादलीचा आवाज येतो का म्हणून मी घरातसुद्धा कान देत असतो. वेडेपणा आहे. कारखाना घरापासून अर्ध्या तासावर आहे.

५ मार्च

चिमूटभर. शिवाय रुमाल काढून डबी नाकापाशी धरली, मनात दहा मोजेपर्यंत. वास अजून आहे. गवताचा, घामाचा आणि तिच्या कानामागे असतो तो एक वेगळाच, ज्याला नाव नाही. माझे डोळे भरून आले. खाजेनं की कशानं, ते कळलं नाही. दोन्ही असेल.

तिची आठवण कशी येते ते लिहायला गेलो तर बारीकसारीक गोष्टीच सुचतात. ती पाणी पिताना एक कान मागे ठेवायची. नवीन नाल मारला की दोन दिवस मुद्दाम लंगडायची, मी बघत असलो तरच. तिच्या मांडीवर सतराचा आकडा डागलाय, त्यातल्या सातावर केस उगवत नाहीत. तिथे बोट फिरवलं की ती कातडी थरथरवायची. माझं बोट आजही कशावर तरी सात काढत बसतं. आज लेबलावर काढत होतं.

९ मार्च

मूठभर. नाकाशी वीसपर्यंत मोजलं. डोळे सुजले, ओठाला मुंग्या. डॉक्टरांच्या पानावर : ठीक, ठीक, ठीक.

बायको म्हणाली, "रडलात का?"

"नाही."

"रडलात तर सांगत जा. मी काय खाते का तुम्हाला?" असं म्हणून तिनं ओल्या फडक्यानं माझे डोळे पुसले. हात गार होता, बरं वाटलं. पण मला घाई होती. खराऱ्यात आता थोडेच केस उरलेत, आणि शेवटचा डोस तेरा तारखेचा.

१६ मार्च

तीन दिवस हॉस्पिटलात होतो. आज घरी आलो.

तेरा तारखेला, गुरुवारी सकाळी बायको बाजारात गेली तेव्हा डबी उघडली. सगळे केस ओंजळीत घेतले आणि तोंड त्यात खुपसलं. तिच्या मानेत खुपसायचो तसं. मोजलं नाही.

बायको पैसे विसरली म्हणून परत आली, नाहीतर हे पान लिहिलं गेलं नसतं. डॉक्टरांनी मांडीत टोचायचं इंजेक्शन घरी ठेवायला दिलं होतं. ते कसं द्यायचं हे तिनंच शिकून घेतलं होतं, कारण मला सुई बघवत नाही. बावीस वर्षं सुईपाशी घोडे धरले, पण बघायचो नेहमी दुसरीकडे. विजारीवरूनच टोचलं. मी जमिनीवर होतो आणि तिचं तोंड अगदी जवळ होतं. ती काहीतरी म्हणत होती, पण कानात नुसता गोंगाट होता.

आज घरी आल्यावर तिनं डबी माझ्यासमोर ठेवली. रिकामी, पण झाकणाला एक तांबूस केस चिकटलेला. माझ्यापासून हातभर लांब धरली आणि म्हणाली, "जेवणात माझा एक केस निघाला तर ताट बाजूला सारता. आणि तिचे डबीत घालून हुंगता?"

मला हसू आलं. तिलाही येईल असं वाटलं. नाही आलं.

१७ मार्च

बाई घरी भेटायला आल्या. मी सगळं सांगितलं, तक्ता, डबी, एक केस, दोन केस. मला वाटलं, रागावतील. रागावल्या नाहीत.

मग म्हणाल्या, "मामा, पाहुण्यांना तुम्ही सांगायचात ना, विष अंगवळणी पडतं म्हणून? मी ऐकायचे आणि गप्प बसायचे. वाटायचं, सोपं करून सांगताहेत. चूक माझी. तेव्हाच सांगायला हवं होतं."

"काय?"

"सतराला विष अंगवळणी पडलेलं नाही. तिच्या अंगानं विषाला ओळखलं. प्रत्येक डोसाला तिचं अंग जास्त शिकत गेलं, याला कसा पकडायचा, कसा लोळवायचा. तिच्या रक्तात जे असतं ते विषाला पकडणारे शिपाई. म्हणून तर तुमचा हात वाचला. तिची विषाशी गट्टी जमली असती तर ते रक्त तुमच्या काय कामाचं होतं?"

मी म्हटलं, "मग मी जे केलं…"

"तुम्ही तुमच्या अंगाला तिची ओळख पटवत होतात. एकेक केसानं. शत्रू म्हणून."

"पण बाई, ओळख वाढली की जवळीक होते ना?"

"माणसाची होते, मामा. अंगाचं तसं असेलच असं नाही."

बाई प्रामाणिक आहेत, त्यांनी पुढचंही सांगितलं. काही गोष्टींच्या बाबतीत अंगाला उलटं शिकवता येतं, 'सोड, हा आपलाच आहे' असं. पण ते काटेकोर मोजून, वर्षानुवर्षं, हॉस्पिटलात. त्यांनी माझ्या डॉक्टरांना विचारूनही पाहिलं होतं. दोनदा श्वास कोंडलेल्या माणसावर घोड्याच्या बाबतीत हा प्रयोग करायला ते तयार नाहीत.

बाई गेल्यावर मी दार लावून बसलो. तीन आठवडे, जिवापाड जपून, घड्याळ लावून मी माझ्याच अंगाला शिकवत होतो, की ही आली तर हाकलून दे. मला ती हवी होती. इतकी हवी होती, आणि त्या हवंहवंसं वाटण्यातूनच मी ती कायमची घालवली. हे कोणाला सांगू? सांगितलं तर लोक पुन्हा आधी हसतील.

२० मार्च

यादी लागली. सतरा आहे. अठ्ठावीसला सकाळी गाडी.

ही वही मी उशीखाली ठेवतो. आज कपाटावर सापडली. चादर बदलताना बायकोनं ठेवली असेल.

२४ मार्च

बायको आज फार कमी बोलली. संध्याकाळी एकदम म्हणाली, "गाडीत ती चढेल का?"

"कोण?"

"कोण म्हणजे! सवत."

मी म्हटलं, नाही चढायची. ड्रायव्हरच्यानं होणार नाही. मारतील, ओढतील. मला तोच घोर लागलाय. पाच तासांचा रस्ता ती घाबरून काढेल आणि तिला वाटेल, हा कुठे मेला.

बायको सुईत दोरा ओवत होती. ओवून झाल्यावर म्हणाली, "तुमचं जुनं जाकीट तबेल्यातच आहे ना? मी जाते."

मी म्हटलं, "तू? तू घोड्याजवळ कधी गेली नाहीस."

"मी इंजेक्शनही कधी दिलं नव्हतं," ती म्हणाली.

२८ मार्च

दुपार आहे. बायको न्हायला गेली आहे, तोवर लिहितो.

बाईंनी मला रस्त्याच्या पलीकडे, शंभर पावलांवर उभं केलं. नाकातोंडाला पट्टी. आधी वारा पाहिला, वारा माझ्याकडून तिकडे जात होता, म्हणजे मला धोका नाही. बायकोजवळ इंजेक्शन होतं, बाईंजवळ दुसरं.

सतराला बाहेर आणलं. वाळली आहे. खांदे वर आलेत. मी सत्तावन्न दिवसांनी तिला पाहिलं.

बायको माझं जाकीट घालून गाडीत चढवायच्या फळीपाशी उभी होती. जाकीट तिला गुडघ्यापर्यंत येतं, एरवी मी हसलो असतो. सतरानं खिसा हुंगला. एक पाय फळीवर ठेवला. आणि मग वाऱ्यावर तिला माझा वास लागला. तिनं मान वर केली, दोन्ही कान माझ्याकडे, आणि ओरडली. चाऱ्यासाठी ओरडते तसं नाही. पाय फळीवरून काढला आणि रस्त्याकडे ओढ घेतली. ड्रायव्हर लोंबकळला तरी ऐकेना.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी इथे आहे तोवर ती चढणार नाही. बाईंनीही हात केला : जा.

मला एकदा तिला हाक मारायची होती. तोंडापर्यंत आली होती. नाही मारली. पाठ फिरवली आणि भिंतीच्या कोपऱ्यामागे गेलो. बावीस वर्षांत मी तिला पाठ दाखवून गेलो तो हा एकच दिवस.

कोपऱ्यामागे डोळे मिटून उभा राहिलो. बराच वेळ नुसतं खुरांचं खरखरणं. मग बायकोचा आवाज आला, हळू, पण सगळं शांत होतं म्हणून स्पष्ट : "उभी राहा गं बाय. झालं, झालं."

आणि खुरं फळीवर वाजली. एक, दोन, तीन, चार.

हे शब्द तिला कोणी सांगितले, कळत नाही. ड्रायव्हरनं असेल. पण ड्रायव्हरला तरी कुठे ठाऊक होते?

गाडी गेल्यावर बायको वेगळ्या रिक्षानं आली. मी दारात होतो. ती अंगणात दहा पावलांवर थांबली आणि म्हणाली, "पुढे येऊ नका. माझ्या अंगावर ती आहे." जाकीट बाईंकडे देऊन आली होती, पण पदरावर, हातांवर, केसांत तांबूस कण होते. आम्ही तसेच उभे राहिलो. मला दोघींना एकदम जवळ घ्यावंसं वाटलं आणि एकीलाही घेता येत नव्हतं.

मी विचारलं, "घाबरली होती का?"

"ती की मी?" बायको म्हणाली. मग, "खिसा हुंगला, मग माझा हात. मग कपाळ टेकवलं माझ्या कपाळाला. जड आहे हो तिचं डोकं."

"जड आहे," मी म्हटलं.

"इथे अशी दहा पावलांवर तुम्ही यायचा आणि थांबायचा. नळाकडे जायचा. मी आतून बघायचे." एवढं बोलून ती मागच्या नळाकडे गेली. मी पाणी तापवून बादली लांबून ठेवली आणि मागे सरलो.

२९ मार्च

बाईंचा निरोप : सतरा पोचली. पाणी प्यायली. एक कान मागे.

डबी बायकोनं उकळत्या पाण्यात घालून, वाळवून पुन्हा मशीनवर ठेवली आहे. आज ती शेजारी माप घ्यायला गेली होती. माझ्या शर्टाचं बटण तुटलं म्हणून मी डबी उघडली. बटणांवर एक केस वेटोळं करून ठेवलेला होता. आधी हात मागे घेतला. मग पाहिलं, तांबूस नव्हता. लांब, मऊ, निम्मा पांढरा.

वही घेऊन बसलो. पहिल्यापासून सगळं वाचलं, साबणाचा वास, दुसरी खुर्ची, गुणगुणणं, 'उभी राहा गं बाय'. वही कपाटावर कशी गेली तेही कळलं.

मग तो केस डाव्या मनगटावर ठेवला. समोर घड्याळ. पंधरा मिनिटं.

खाज : नाही. श्वास : ठीक. डोळे : पाणी. काय लागलं असावं, ते डॉक्टरांना विचारणार नाही. दारात चप्पल वाजली. ती आली.